कावेरीचा जबाब

“काका, आवाज जरा कमी करता का? मला वाचायचंय.”

कावेरी हे इतक्या हळू म्हणाली की पुढच्या बाकावरच्या माणसाला ऐकूच गेलं नाही. त्याच्या फोनमधून भाऊसाहेबांचं भाषण चाललं होतं. दर दोन वाक्यांनी टाळ्या पडत, आणि टाळ्या पडल्या की तो माणूस आजूबाजूला बघून मान डोलवी, जणू त्या त्यालाच मिळत होत्या. कावेरीनं त्याच्या बाकाच्या दांडीवर बोटानं टकटक केली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, एकही शब्द न बदलता.

माणूस वळला. पन्नाशी उलटलेला, इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळावर अष्टगंधाचा टिळा. आपण भोगेवाडीचे माजी सरपंच सर्जेराव, हे त्यानं चढता चढताच कंडक्टरबाईंना, म्हणजे सगळ्या गाडीला, ऐकवलं होतं.

“काय वाचतीस बाळ?”

“आकृत्या. वेगळी कंची ती वळखायची असती. आज परीक्षा हाय माझी.”

“आसं व्हय? कितवीला?”

“पाचवीला.”

“शाब्बास.”

त्याचा अंगठा फोनच्या कडेच्या बटणाकडे गेला. मी कावेरीच्या शेजारीच होतो, मला नीट दिसत होतं. अंगठा बटणावर टेकलाही होता.

तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणालं, “बघा सरपंच. पाचवीच्या लेकरालाबी कळाया लागलं, ह्या भाषणात ऐकण्यासारखं काय न्हाई.”

गाडीत हशा पिकला. अंगठा बटणावरच थांबला. मग तो खालच्या टोकावरून वरच्या टोकावर सरकला, आणि भाऊसाहेबांचा आवाज आणखी चढला.

त्या काळी इंटरनेट नुकतंच स्वस्त झालं होतं. वस्तीवस्तीवर फोन आले होते, पण ते आपल्यापुरते ऐकायचे असतात हे काही त्यांच्याबरोबर आलं नव्हतं. आमच्याकडे रेडिओ होता तेव्हा तो चार घरांना ऐकू जाईल असाच लावायचे. एकट्यानं ऐकणं म्हणजे चोरून खाण्यासारखं. फोनही लोकांनी त्याच रीतीनं वापरायला घेतला. त्यात जिल्हा परिषदेच्या निवडणुका होऊन आठवडा झालेला, कुणालाच बहुमत नाही, आणि ज्याला त्याला आपल्या साहेबांचं म्हणणं दुसऱ्याच्या कानात घालायची घाई.

मी तेव्हा मारकडवस्तीच्या शाळेवर होतो. दोन खोल्या, पाचवीपर्यंतचे वर्ग. वस्ती धनगरांची. दिवाळी झाली की पुरुष मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरत आणि पटावरची निम्मी मुलं त्यांच्याबरोबर जात. कावेरीचा बाप बिरू मारकड त्या वर्षी निघताना शाळेच्या पायरीवर येऊन बसला होता.

“गुरुजी, पोरगी कामाची हाय,” तो म्हणाला होता. “कोकरांमागं माणूस कमी पडतंय मला. पर तुम्ही म्हणताय म्हणून परीक्षेपतोर ठिवतो तिला. पेपर चांगला ग्येला, तर निकाल लागंस्तोवर ऱ्हाऊ द्या वस्तीवर, शाळंत. नंबर लागला तर घाला तुमच्या त्या मोठ्या शाळंत, माझी ना न्हाई. पर पेपरच ग्येला न्हाई, तर मग कशाला? दुसऱ्या दिशी चुलत्यासंगं लावून द्या तिला माझ्याकडं.”

ती मोठी शाळा म्हणजे सरकारी निवासी शाळा. राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं बारावीपर्यंत. तिची प्रवेश परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते, पुन्हा नाही. कावेरीनं दिवाळीपासून दुसरं काही केलं नव्हतं. शेळी चारताना ती मातीत काडीनं आकृत्या काढायची आणि मला बोलावून विचारायची, ही उलटी केली तर कशी दिसंल. केंद्र तालुक्याच्या गावी होतं. अकराला फाटक बंद होणार होतं, म्हणून मी सकाळची पहिली गाडी धरली होती. वेळ भरपूर होता.

मागून बोलणारा तरुण उठून पुढे आला. त्याचं नाव नवनाथ, त्याचं खताचं दुकान होतं, हे दोन्ही मला सर्जेरावांच्या उत्तरातूनच कळलं.

“नवनाथ, तू खतं विक,” सर्जेराव म्हणाले. “राजकारण विकाया अजून मिसरूड फुटू दे नीट.”

“मिसरूड फुटलेल्यांनी काय दिवं लावलं ते बघतोय की आम्ही. भोगेवाडीची टाकी हाय अजून तशीच. नळ हायत, पाणी न्हाई.”

“तुझ्या तात्यासाहेबांनी आडवलंय पाणी.”

“तात्यासाहेब काय म्हणत्यात ते तुम्ही ऐकलंय का कधी? ऐका.”

नवनाथनं खिशातून आपला फोन काढला आणि तात्यासाहेबांचं भाषण लावलं, तेही पूर्ण आवाजात. एका फोनमधून भाऊसाहेब पाण्याचं आश्वासन देत होते, दुसऱ्यातून तात्यासाहेबही पाण्याचंच देत होते. टाळ्या एकमेकींत मिसळत होत्या. मागच्या बाकावरचे एक म्हातारे म्हणाले, “आरं, दोघंबी पाणीच द्याया लागल्यात, मग माझी हीर कुणी पिली?”

पुन्हा हशा. लोकांना मजा वाटत होती. प्रवास लांबचा, रस्ता खराब, फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? कुणी सर्जेरावांची बाजू घेत होतं, कुणी नवनाथची. कंडक्टरबाई तिकिटांचं यंत्र घेऊन मध्येच अडकल्या होत्या.

“फोन कानाला लावा न्हाईतर बंद करा,” त्या म्हणाल्या. “कोण कुठं उतरणार तेच ऐकू येईना मला.”

“आधी त्याला सांगा,” सर्जेराव म्हणाले.

“आधी सुरू कुणी केलं?” नवनाथ म्हणाला.

कावेरीनं दोन्ही कानांत बोटं घातली होती. पुस्तक मांडीवर, आणि पान उलटायचं झालं की एक बोट काढून ती पान उलटायची आणि पुन्हा कानात घालायची.

मी उठलो. आयुष्यभर मुलांसमोर उभा राहिलेला माणूस, मला वाटायचं की शांतपणे सांगितलं की ऐकतात.

“दोघांनाही हात जोडून सांगतो,” मी म्हणालो. “हिची आज परीक्षा आहे. जन्मात एकदाच होणारी. तासाभराचा तर प्रश्न आहे. उतरल्यावर दोघांनी मनसोक्त ऐका.”

“गुरुजी, तुमचं आडनाव काय?” सर्जेरावांनी विचारलं.

“ढवळे.”

“ढवळे म्हंजे कुठलं?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“संबंध कसा न्हाई? आडनाव कळल्याबिगर माणूस कुणाचा ते कसं कळणार?”

“ढवळे आमच्यातबी हायत,” नवनाथ म्हणाला. “आन् त्यांच्यातबी.”

“मी शाळेतला आहे,” मी म्हणालो.

“शाळा कुणाची?”

“जिल्हा परिषदेची.”

“मग तेच तर इचारतोय,” सर्जेराव म्हणाले. “जिल्हा परिषद कुणाची?”

ह्यावर सगळी गाडी हसली. मीही थोडा हसलो. तेव्हा अजून हसण्यासारखं होतं.

पुढचं फार पटकन घडलं. नवनाथ म्हणाला, “आणा हिकडं, मीच बंद करतो,” आणि त्यानं वाकून सर्जेरावांच्या फोनला हात घातला. सर्जेरावांनी फोन खिडकीकडे ओढला. गाडी खड्ड्यात आदळली. सगळे पुढे फेकले गेलो, आणि सावरून बघतो तर सर्जेरावांचा हात रिकामा होता. भाऊसाहेबांचा आवाज खिडकीच्या बाहेर क्षणभर ऐकू आला आणि मग मागच्या चाकाखाली बंद झाला.

गाडीत पहिल्यांदाच शांतता झाली. कावेरीनं कानातली बोटं काढली.

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कुणी तरी खाली उतरून फोनचा उरलेला सांगाडा आणला. सर्जेरावांनी तो तळहातावर घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, “बाई, गाडी चौकीला घ्या.”

“सरपंच, जाऊ द्या, हे काय—”

“तक्रार हाय माझी. गाडी चौकीला.”

गाडीत मारामारी झाली, चोरी झाली, आणि कुणी तक्रार म्हणाला, की गाडी सगळ्या माणसांसकट चौकीवर न्यायची, ही आमच्याकडची वहिवाट. मी कंडक्टरबाईंना म्हणालो, आम्हाला इथंच उतरवा. त्यांनी बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर कुत्रंही नाही.

“गुरुजी, हितं उतरून काय करताय?” त्या म्हणाल्या. “मागनं दुसरी गाडी दुपारची हाय. चौकी फाट्यावरच हाय, वाटंतच. दहा मिन्टांचं काम. मीच मागं लागून लवकर काढते गाडी.”

बाई मनापासून बोलत होत्या.

चौकी म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. टेबलाशी हवालदार लोंढे बसले होते. त्यांचा स्वतःचा फोन टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा होता आणि त्यात क्रिकेटची मॅच चालली होती. त्यांनी ती बंद केली नाही. सर्जेराव आणि नवनाथ एकाच वेळी बोलू लागले, त्यात समालोचकही बोलत होता, आणि लोंढे कुणाचं ऐकत होते ते कळायला मार्ग नव्हता.

शेवटी त्यांनी हात वर केला. “साक्षीदार कोण?”

गाडीतली माणसं दाराशी दाटीवाटीनं उभी होती. एवढा वेळ बाजू घेणारी माणसं, पण आता कुणी काही बघितलेलंच नव्हतं. कुणाला डुलकी लागली होती, कुणी मागं बसलं होतं. विहिरीवाले म्हातारे म्हणाले, मला अंधुक दिसतं.

“ही पोरगी होती की,” सर्जेराव म्हणाले. “माझ्या मागंच बसलीती. तिनंच तर सुरू केलं.”

“व्हय, तिला इचारा,” नवनाथही म्हणाला. “लेकरू खोटं बोलायचं न्हाई.”

“साहेब, हिची परीक्षा आहे,” मी म्हणालो. “अकराला फाटक बंद होतं. आम्हाला सोडा, मी परत येताना थांबून काय हवं ते लिहून देतो.”

“गुरुजी, इचारायला काय येळ लागतो? बाळ, हिकडं ये. नाव काय?”

“कावेरी बिरू मारकड.”

“फोन कुणी टाकला?”

कावेरीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “जे बघितलंस ते सांग. घाबरू नको.”

तिनं हात मागे घेतले, वर्गात कविता म्हणताना घेते तसे.

“ह्यांनी फोनला हात घातला,” तिनं नवनाथकडे बोट केलं. “त्यांनी वढला. दोघांचाबी हात व्हता. तवा खड्डा आला. मग फोन खिडकीतनं ग्येला. टाकला कुणीच न्हाई.”

लोंढ्यांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून ठेवलं. “म्हंजे मी नाव कुणाचं लिहू?”

“दोघांचंबी लिहा,” कावेरी म्हणाली. “आन् खड्ड्याचंबी.”

दाराशी कुणी तरी फिस्सकन हसलं. सर्जेराव हसले नाहीत.

“पढीवलेली हाय पोरगी,” ते म्हणाले. “गुरुजी, बरं शिकीवलंय. म्हंजे तुम्ही त्यांच्यातलेच.”

“आमच्यातलं कशाला?” नवनाथ म्हणाला. “माझं नाव पयलं घेतलं की तिनं. तुमच्यातलंच हायत गुरुजी.”

लोंढे म्हणाले, दोन्ही पार्ट्या मान्य करत नाहीत म्हणजे आता साहेब आल्याशिवाय काही होणार नाही. साहेब बंदोबस्ताला गेले होते. मी म्हणालो, मग निदान आम्हा दोघांना जाऊ द्या. ते म्हणाले, “मुख्य साक्षीदारच सोडला तर साहेब मला इचारतील. तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला कायदा काय सांगायचा?” त्यांचा आवाज वाईट नव्हता. आमच्याकडे कामं अडतात ती सहसा वाईट आवाजात अडत नाहीत.

आम्ही बाकावर बसलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी बाहेर जाऊन रस्ता बघून आलो, उसाच्या बैलगाड्या तेवढ्या चालल्या होत्या. परत आलो तेव्हा कावेरीनं पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं होतं.

“वाच ना,” मी म्हणालो.

“झालंय समदं वाचून.” मग थोड्या वेळानं, “गुरुजी, मी खरं सांगितलं तरी गाडी का सुटंना?”

“सुटेल,” मी म्हणालो.

ती घड्याळाकडे बघत राहिली.

नवनाथचा फोन वाजला तेव्हा मॅचमध्ये कुणी तरी चौकार मारला होता. नवनाथ बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा, कुणी वेगळ्याच माणसाची टोपी डोक्यावर ठेवावी, तसा दिसत होता. तो सरळ सर्जेरावांपाशी गेला.

“नाना,” तो म्हणाला. एवढा वेळ तो त्यांना सरपंच म्हणत होता. “नाना, हे बघा.”

दोघं एका फोनवर वाकले. फोनमधून ताशाचा आवाज येऊ लागला, पूर्ण आवाजात. लोंढ्यांनी पहिल्यांदाच मॅच थांबवली आणि तेही उठून त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. दारातली माणसं आत आली. भाऊसाहेब तात्यासाहेबांच्या गळ्यात हार घालत होते. मग तात्यासाहेब भाऊसाहेबांच्या. जिल्हा परिषदेत अध्यक्ष ह्यांचा, उपाध्यक्ष त्यांचा, सकाळीच ठरलं होतं. कुणी तरी माईकवर सांगत होतं की हे जिल्ह्याच्या विकासासाठी आहे.

“पाण्याचा प्रश्न आता मिटणार,” सर्जेराव म्हणाले.

“मिटणारच की,” नवनाथ म्हणाला. “नाना, तुमचा फोन मी घिऊन देतो.”

“आरं सोड, जुनाच व्हता. चहा सांग सगळ्यांना.”

चहा आला. मला आणि कावेरीलाही आला. लोंढे खुर्चीत बसले आणि त्यांनी कागद पुढे ओढला. तक्रार मागे घ्यायची तर काही तरी लिहावं लागणार होतं, आणि वर कावेरीचं म्हणणं आधीच लिहून झालेलं.

“बाळ, आता असं सांग,” ते म्हणाले, “की फोन आपसूक पडला. कुणी हात लावला न्हाई, काय न्हाई.”

“पण तिनं जे सांगितलं ते खरं आहे,” मी म्हणालो.

“गुरुजी, खरं ठिवायचं तर साहेबांची वाट बघा. सुटायचं तर हे हाय. तुम्हीच ठरवा.”

“लेकरा, तुझ्या परीक्षेसाठीच म्हणतोय गं,” सर्जेराव म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी काही बोलायच्या आत कावेरी उठली. ह्या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं. हातही मागे घेतले नाहीत.

“फोन आपसूक पडला,” ती म्हणाली. “कुणी हात लावला न्हाई.”

“शाब्बास,” लोंढे म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. “पालक म्हणून तुम्ही सही करा.”

उरलेल्या रस्त्यात सर्जेराव आणि नवनाथ एकाच बाकावर बसले होते. फोन दोघांच्या मध्ये होता. हार घालण्याचा तो प्रसंग त्यांनी इतक्यांदा लावला की ताशाचा ठेका कुठं बदलतो ते मला पाठ झालं. कंडक्टरबाईंनी ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, जरा दाबा. तोही दाबत होता. कावेरी खिडकीबाहेर बघत होती. तिला कुणी सांगितलं असतं तरी तिनं कानात बोटं घातली नसती, असं तिच्या बसण्यावरून वाटत होतं.

गाडी स्टँडवर लागली तेव्हा मी तिचा हात धरून पळत सुटलो. माझं वय पळण्याचं नव्हतं. ती माझ्यापुढे पळत होती, आणि वळणावर थांबून मला वाट विचारत होती.

फाटक बंद होतं. आतल्या शिपायानं घड्याळ दाखवलं. मी हॉल तिकीट गजातून आत धरलं. तो म्हणाला, “गुरुजी, पेपर वाटून झाले. आता मलाच काय, कुणालाच उघडता येत नाही.” त्याचं बरोबर होतं. उशिरा आलेल्याला आत घ्यायचं नाही, हे मीही अनेक केंद्रांवर पाळलं आहे.

आम्ही तिथंच उभे होतो तेवढ्यात मागून सर्जेराव आणि नवनाथ आले. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि आता त्यांच्यात मोठी ताकद आली होती.

“थांबा गुरुजी, चिंता करू नका,” सर्जेराव म्हणाले. “आता काय, आपलीच जिल्हा परिषद हाय. नवनाथ, लाव रे फोन.”

नवनाथनं फोन लावला आणि दोघांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडे ताशे वाजत होते, त्यामुळे दोघांना ओरडून बोलावं लागत होतं. “साहेब, एक पोरगी हाय. आपलीच. आत घ्यायचीय. हॅलो. पोरगी. आपली. हॅलो, परीक्षा.” पलीकडचा माणूस विचारत होता, कुणाची पोरगी, आडनाव काय. नवनाथनं फोन तोंडापासून लांब धरून मला विचारलं, “गुरुजी, हिचं आडनाव काय वो?”

शाळेच्या व्हरांड्यातून एक बाई घाईघाईनं फाटकापाशी आल्या. गळ्यात केंद्राचं ओळखपत्र होतं.

“कृपा करून इथं बोलू नका,” त्या म्हणाल्या. “खिडकीला लागूनच वर्ग आहे. मुलं पेपर सोडवतायत.”

“बाई, आम्ही हिच्यासाठीच—” सर्जेराव सुरू झाले.

कावेरीनं माझ्या हातातून हॉल तिकीट घेतलं. त्याची घडी घातली.

“चला गुरुजी,” ती म्हणाली. “आतल्या पोरांना त्रास व्हतोय.”

परतीची गाडी दुपारची होती. स्टँडवर आम्ही दोघांनी तिच्या आईनं बांधून दिलेली भाकरी आणि चटणी खाल्ली. मी तिला सांगितलं की तिनं काही चूक केली नाही, आवाज कमी करायला सांगणं चूक नसतं, खरं सांगणंही चूक नसतं. वर्गात सांगतो तसं, उदाहरणं देऊन सांगितलं. ती ऐकत होती आणि भाकरीचे तुकडे चिमणीएवढे करून खात होती. काहीच विचारलं नाही. ही मुलगी माझं बोलणं संपलं की एक तरी प्रश्न विचारायचीच.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिची आई, हौसाबाई, धाकट्याला कडेवर घेऊन वाटेतच उभी होती. शेजारी कावेरीचा चुलता बसला होता. दुसऱ्या दिवशी तो खाली कळपाकडे निघणार होता, कुणाला घेऊन जायचं की नाही ते विचारायला आला होता.

हौसाबाईनं आधी माझ्याकडे बघितलं. मी वाटेभर वाक्य जुळवत आलो होतो, कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं, बिरूला काय निरोप द्यायचा. तोंड उघडणार तोच तिनं मुलीला विचारलं, “कसा ग्येला पेपर?”

“चांगला ग्येला,” कावेरी म्हणाली.

“समदा लिवला?”

“समदा. आकृत्या तर सगळ्या आल्या. निकाल जूनमधी हाय.”

चुलता उठला. अंगावरची माती झटकत म्हणाला, “मग मी एकलाच जातो. बिरूला सांगतो, पोरगी जूनपतोर शाळंत हाय.”

हौसाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि मला म्हणाली, “गुरुजी, बसा, चहा ठिवते.”

कावेरी वळली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. अवघड गणित स्वतःच्या रीतीनं सोडवलं की ती पाटी पुढे धरून असंच बघायची, उत्तर बरोबर आहे का ते विचारायला.

मी होकारार्थी मान हलवली.